थोडं टोचेल

दिवसाला साठ-पासष्ट हात येतात माझ्यापुढे.
प्रत्येकाला विचारते : नाव? जन्मतारीख?
कुठला हात देता? टोचू का?
हो म्हटल्याशिवाय सुई पुढे सरकत नाही.
तसा नियमच आहे, आणि नसता तरी
परक्या माणसाचं कातडं असतं ते.

त्या मंगळवारी सलग अकरावा दिवस भरून निघाले.
ॲनलबी रोडची बस, काचेवर हंबरवरून आलेलं धुकं,
मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.
झोप लागली.
तोंड उघडं, मान लटकलेली,
गळ्यात बिल्ला : मृदुला, रक्ततपासणी, तळमजला.

पुढच्या सीटवरच्या कुणीतरी मला काढलं.
काढणं हाच शब्द आपल्याकडे.
फोटो काढतात, रक्त काढतात, दात काढतात,
माणसाला घराबाहेरही काढतात.

गुरुवारपर्यंत मी जगभर झोपलेली होते.
खाली ओळ : शनिवारी उठवा.
चोवीस लाखांनी पाहिलं.
कुणी माझ्या तोंडात मासा घातला,
कुणी मेथी खायला बकरी आणून बसवली.
कँटीनमध्ये मॉरीन म्हणाली, तू फेमस गं!
एक पेशंट बाही वर करता करता
बिल्ल्याकडे बघून हसला,
आणि सात वर्षांत पहिल्यांदा माझी शीर चुकली.

मग आला मग.
चहाचा. नऊ पौंड नव्व्याण्णव.
कानाच्या उजव्या बाजूला मी, घोरत.

लायब्ररीत सोमवारी फुकट सल्ला मिळतो.
ग्वेन नावाची बाई, चष्म्याला दोरी.
म्हणाली, कॉपीराइट बटण दाबणाऱ्याचा.
चेहरा तुमचा, चित्र त्याचं.
बिल्ला वाचता येतोय, त्यावरून तक्रार करून बघा,
हा घ्या फॉर्म.
पहिल्याच पानावर : नाव, जन्मतारीख, पत्ता,
आणि ओळख पटण्यासाठी एक फोटो.
मला हसूच आलं.
आयत्या बिळावर नागोबा, हे तिला कसं सांगायचं?
बीळ सांगितलं असतं, नागही सांगितला असता,
त्यातला 'बा' कुठून आणू इंग्रजीत?

रात्री जेवताना हे सगळं बोलले, रडत रडत.
अन्वयनं घास खाली ठेवला.
चौदाचा आहे, आवाज फुटलाय, म्हणून हल्ली कमी बोलतो.
म्हणाला, आई, माझे दोनशे बारा आहेत. मी मोजलेत.
टबातला. कांजिण्यांतला.
शाळेचं फाटक धरून रडतानाचा,
त्याच्यावर तू तीन हसरे चेहरे टाकलेस.
तो केलनला सापडला, मागच्या वर्षी.

मागच्या वर्षी.
मागच्या वर्षी हा पोटात दुखतं म्हणायचा,
आणि मी ओवा द्यायचे.

प्रेमानं टाकले होते रे, म्हटलं.
त्यालाही तू गोड वाटली असशील, म्हणाला,
आणि ताट उचलून गेला.

रात्रभर पुसत बसले.
दर फोटोला फोन विचारी : नक्की?
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होता,
तेही पुसताना.
पण सगळे पुसता येत नाहीत. कांजिण्यांतला
सोलापूरच्या वन्संनी कॅलेंडरवर छापून घेतलाय,
एप्रिल महिना.

परवा बसमध्ये समोर एक पोरगा,
बुटांवर सिमेंट, हातात अर्धं सँडविच,
गाढ झोपलेला. तोंड उघडं.
मागे दोघीजणी कुजबुजल्या, खुसखुसल्या,
एकीचा फोन वर आला.
बस निम्मी रिकामी होती.
मी उठले, आणि दांडी धरून
नेमकी त्याच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले.
माझा स्टॉप आला, गेला.
काढा म्हटलं, खुशाल,
माझी पाठ काढा.